सही करण्याआधी ‘ओदि हेळि’

मंडळी, मघाशी चहा घेताना एका काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. म्हणाले, “वकीलसाहेब, आत टाकतील काय हो?” आपण कर्नाटकातली मराठी माणसं, तेव्हा मजकूर कन्नडमध्ये, शिक्का पोलीस ठाण्याचा. बांधावरून दोघांची मारामारी झाली, ती काकांनी पाहिली, एवढाच त्यांचा संबंध. पण कागद आल्यापासून त्यांना जेवण जात नाही.

असा कागद आला की आधी कलमाचा आकडा बघा. अक्षर लागलं नाही तरी आकडा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे पोलीस तपास आणि अटकेचा नवा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिचं कलम १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १६० ते हेच. ३५(३) असेल तर संशय तुमच्यावरच आहे. वकील गाठा, पण जायचं टाळू नका. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर अधिकाऱ्याला कारणं लेखी नोंदवावी लागतात. ही ३५ ची नोटीस व्हॉट्सअॅपवर धाडून चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. आणि व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून कुणी ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणाला, तर खुशाल फोन ठेवा. तसली अटक कायद्यात नाहीच.

काका ७१ वर्षांचे. ६० वर्षांवरचा पुरुष, १५ वर्षांखालचा मुलगा, कुठल्याही वयाची बाई, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस, यांना साक्षीसाठी ठाण्यात यायची सक्ती नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारायचं. स्वखुशीने गेलात तर गोष्ट वेगळी.

आता आपल्या भागातली खरी अडचण. तुम्ही सांगता मराठीत, लिहिलं जातं कन्नडमध्ये. साहेब ऐकतात, मनातल्या मनात भाषांतर करतात आणि लिहितात. ‘मी लांबून बघितलं’ यातलं ‘लांबून’ वाटेत गळालं, तर दोन वर्षांनी कोर्टात उलटतपासणीला तेवढंच पुरतं. जबाबाला कन्नडमध्ये ‘हेळिके’ म्हणतात. सही मात्र दोन्हीकडे सहीच! म्हणून तो एक शब्द कळला की आपली माणसं लगेच पेन मागतात. खरं तर पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायचीच नाही, असं कलम १८१ सांगतं. पंचनाम्याचं वेगळं, तिथे पंचांची सही लागते. मॅजिस्ट्रेटसमोर कलम १८३ खाली जबाब दिलात तर तिथेही लागते. तेव्हा कुठल्याही कागदावर पेन टेकवण्याआधी एवढंच म्हणा, ‘ओदि हेळि’, वाचून सांगा. हे म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही. बऱ्याच हवालदारांना मराठी चांगलं येतं, ते सांगतातही.

खोटं मात्र बोलू नका. जे पाहिलं ते सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. ज्या उत्तराने तुम्हीच गुन्ह्यात अडकाल, तेवढं देण्याची सक्ती नाही. संविधानाचं कलम २०(३) आरोपीला हेच संरक्षण देतं. चौकशी चालू असताना आरोपीला वकिलाला भेटता येतं, पण वकील पूर्ण वेळ शेजारी बसेल असं धरून चालू नका.

काकांकडून ते दोन शब्द मी दोनदा म्हणवून घेतले. त्यांचा उच्चार माझ्यापेक्षा बरा निघाला. आई कन्नड मुलखातली, हुक्केरीकडची होती म्हणे.