दिवाळीची भेट आणि खुर्च्यांची उतरंड

मंडळी, दिवाळी तोंडावर आली की प्रत्येक ऑफिसात एक प्रश्न हळू आवाजात फिरतो : साहेबांना काय द्यायचं? उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना मधूनच उठायचंय त्यांची सोय होईल. साहेबांना काही देऊ नका.

दसऱ्याचं सोनं वेगळं. शिपाई साहेबांना देतो, साहेब शिपायाला देतात. पान आपट्याचं असो, नाहीतर बाजारात आपटा म्हणून खपवलेलं कांचनाचं असो, त्याची किंमत कुणी काढत नाही. दुसऱ्या पानानं तिथल्या तिथे परतफेड होते. सुक्यामेव्याच्या डब्याचं तसं नाही. एकानं बाराशेचा ठेवला की शेजारचा पंधराशेचा आणतो. मग मार्चमध्ये अप्रेझलच्या वेळी दोघांच्याही डोक्यात तो डबा असतो. साहेब सज्जन असले तर त्यांच्याही डोक्यात असतो, आणि ते जास्त वाईट.

सरकारी नोकरीत तर याला नियमच आहे. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला तेरावा नियम भेटींबद्दलचा. जवळचे नातेवाईक आणि कामाशी संबंध नसलेले मित्र यांची लग्नकार्यातली देणीघेणी वेगळी मोजतात. एरवी मंजुरीशिवाय घेण्याची मर्यादा २०१९ पासून गट ‘अ’ आणि ‘ब’ला ५,००० रुपये आणि गट ‘क’ला २,००० रुपये आहे. राज्याचे १९७९ चे नियम निराळे, ते आपापल्या आस्थापना शाखेत विचारून घ्या. मला त्या केंद्राच्या नियमाखालची टीप आवडते : एखादं सहज झालेलं जेवण किंवा गाडीतून दिलेली लिफ्ट म्हणजे भेट नव्हे. म्हणजे साहेबांना घरी फराळाला बोलवा, खुशाल. टेबलावर खोकं नको.

आता बरोबरीच्या माणसांचं. यावर आपल्या बायकांनी केव्हाच तोडगा काढून ठेवलाय, संक्रांतीच्या वाणात. गाळणं लुटायचं ठरलं की सगळ्यांना गाळणं. कलेक्टरीणबाईंना चांदीचं आणि शेजारणीला स्टीलचं, असं होत नाही. टीममध्येही तसंच करा : एकच वस्तू, लहान, रोजच्या वापरातली. ज्याच्याशी खास मैत्री आहे त्याची खास भेट त्याच्या घरी नेऊन द्या. हळदीकुंकवाला विधवांना वगळायची रीत मात्र ऑफिसात आणू नका. आणली जाते, मी पाहिलंय.

वर्गणी काढायची असेल तर पाकीट फिरवा, यादी फिरवू नका. नाव आणि रक्कम लिहिलेला कागद हातात आला की ज्याचे घराचे हप्ते थकलेत तोही निमूटपणे पाचशे लिहितो. डिसेंबरात तुम्ही ते सिक्रेट सँटा करता ना? त्यात किमतीची वरची मर्यादा आधी जाहीर करतात. तेवढं दिवाळीसाठी उचला.

वस्तू कोणती, यावर फार बोलत नाही. पण एक कळकळीनं सांगतो, देवाची मूर्ती देऊ नका. घरच्या देवघरात जागा ठरलेल्या असतात. आलेली मूर्ती तिथे बसवता येत नाही, माळ्यावर टाकवत नाही, फेकणं तर दूरच. शेवटी ती पिंपळाच्या पारावर जाते. घेणारा मुसलमान किंवा बौद्ध असेल तर तो बिचारा आणखीच अवघडतो.

मिठाई घ्यायची तर तारीख वाचा. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेसमोरही ती कधीपर्यंत खावी हे लिहिणं दुकानदाराला बंधनकारक आहे. खव्याचे पदार्थ सुट्टी लागायच्या संध्याकाळी वाटू नयेत. माणूस थेट गावच्या गाडीत बसतो. सोनपापडीची एवढी चेष्टा होते, पण तिचा गुन्हा एकच : ती टिकते, म्हणून पुढे सरकवता येते.

मला विचाराल तर घरचा किंवा बचत गटाचा फराळ उत्तम. चिवडा-चकली मधुमेहवाल्यालाही थोडी चालते. जैन सहकारी असेल तर चिवड्यात लसूण नको, एवढं बघा. परप्रांतातून आलेला, खोली करून राहणारा एखादा मुलगा असतो. सुट्टी कमी म्हणून गावी जात नाही. त्याला डबा जरा मोठा द्या. आणि ज्यांच्या घरी वर्षभरात कुणी गेलंय ते लोक त्या दिवाळीला फराळ करत नाहीत, शेजारीपाजारी आणि नातलगच नेऊन देतात. ऑफिसातल्या अशा माणसाला चकचकीत पिशवी आणि ‘हॅपी दिवाली’चं कार्ड देणं मला क्रूर वाटतं. साध्या डब्यात लाडू-चकली ठेवा, ‘मुलांसाठी आहे’ म्हणा आणि आपल्या जागेवर या.

राहिले खालच्या खुर्चीवरचे, किंवा ज्यांना खुर्चीच नाही ते. कंपनीची भेट पटावरच्या लोकांना मिळते. हाउसकीपिंगच्या मावशी, गेटवरचे रखवालदार, लिफ्टमन हे ठेकेदाराचे, म्हणून यादीत नाहीत. सगळ्यांनी फोडलेली खोकी आणि रंगीत कागद गोळा करायला मात्र त्याच मावशी. यासाठी कंपनीची वाट पाहू नका, मजल्यावरच्या लोकांनी मिळून करा. आणि बोनसला भेट म्हणू नका. किमान ८.३३ टक्के हा पात्र कामगारांचा कायद्यानं ठरलेला हक्क आहे. मिठाईचा पुडा हातावर ठेवून बोनस पुढे ढकलणारे मालक आहेत.

मावशींना काय द्यायचं, असं मला नेहमी विचारतात. कुणी साडी सुचवतं, कुणी डब्यांचा सेट. मी म्हणतो, रोख द्या. पाकिटात घालून, फोटो न काढता. आणि वसुबारसेच्या आधी द्या, कारण पोरांच्या कपड्यांची खरेदी त्याच आठवड्यात असते. पाडव्यानंतर हातात पडलेले पैसे उधारी फेडण्यात जातात.