पाजायचं नसलं तरी दूध येतंच, मग काय करायचं

या ना, मागे उभ्या राहू नका, गावच्या आशा सेविका, आशाताई, तुम्ही पण पुढे बसा, तुमच्यासाठीच जास्त आहे हे. बाळंतपणावर बोलणार म्हटलं की सगळ्यांना वाटतं आता दूध कसं वाढवायचं ते सांगणार, अळीव घ्या, शतावरी घ्या वगैरे. ते सांगणारे खूप आहेत. मी आज ज्या बाईला पाजायचं नाहीये किंवा पाजता येणार नाहीये तिच्याबद्दल बोलणार आहे, तिच्या छातीचं त्या दहा-पंधरा दिवसांत काय होतं आणि घरच्यांनी तिला कसं सांभाळायचं. मी प्रसूती वॉर्डात नर्स म्हणून कितीतरी वर्षं काढली. आईच्या दुधाचे फायदे सांगणारी पोस्टर भिंतीभर असतात आणि त्यातलं सगळं खरंच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण जिचं बाळ पोटातच गेलं ती पण त्याच पोस्टरसमोर झोपलेली असते, आणि घरी जाताना तिच्या कार्डावर टाक्यांची काळजी, लोहाच्या गोळ्या, पुढची तारीख सगळं असतं, छातीबद्दल एक ओळ नसते. मला याचा फार त्रास होतो, अजूनही होतो.

न पाजणाऱ्या सगळ्या एकसारख्या नसतात हे आधी डोक्यात घ्या. कुणाचं बाळ गेलेलं असतं, कुणाची कॅन्सरसाठी केमो चालू करायची असते, कुणाच्या बाळाला गॅलॅक्टोसेमिया असतो म्हणजे दुधातली साखरच त्याला पचत नाही, कुणी सरोगेट म्हणजे दुसऱ्यांचं बाळ पोटात वाढवणारी असते, कुणी बाळ दत्तक देणार असते, कुणी महिनाभर प्रयत्न करून थकलेली असते. एचआयव्ही असला की पाजायचंच नाही असं मात्र नाही बरं का, औषधं चालू ठेवून पाजता येतं, ते एआरटी सेंटरवाल्यांशी, म्हणजे जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, बोलून ठरवायचं. आणि काहीजणी ठरवून पाजत नाहीत. ते पण कारणच आहे, तिला सतरा जणींनी सतरा वेळा का गं का गं विचारायची काही गरज नाही.

आता शरीरात काय होतं ते सांगते, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. बाळ झालं, वार पडली की प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन एकदम खाली येतं, आणि प्रोलॅक्टिन म्हणजे दूध तयार करणारं हार्मोन वरच असतं, त्यामुळे साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दूध उतरतं. बाळ जवळ आहे की नाही, पितंय की नाही याच्याशी त्या पहिल्या दोन-तीन दिवसांचा काही संबंध नसतो. चीक म्हणजे अगदी पहिलं घट्ट दूध तर गरोदरपणातच, चौथ्या-पाचव्या महिन्यापासून तयार व्हायला लागतो. म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भ गेला तरी दूध येतं, आणि ती मुलगी घाबरून जाते, की बाळ तर नाही मग हे काय, मला काही आजार झाला का. आजार नाहीये. आणि बघा, नॉर्मल डिलिव्हरी असली तर ४८ तासांनी घरी सोडतात, म्हणजे छाती दाटून येते तेव्हा ती हॉस्पिटलमधून बाहेर पडलेली असते, घरी रात्री अचानक छाती दगडासारखी कडक, काखेपर्यंत ठणका, कपडे ओले, अंग थोडं गरम, आणि विचारायला कुणी नाही.

तिसऱ्या दिवसानंतर मात्र हिशोब बदलतो. दूध जितकं काढाल तितकं बनतं, आणि आत साठून राहिलं की पेशींना निरोप जातो की आता थांबा. म्हणजे ते जे दाटणं आहे, ज्याचा इतका त्रास होतो, त्यानेच दूध बंद होणार आहे. सगळ्यात वाईट दोन-तीन दिवस असतात, मग हळूहळू सैल पडत जातं, आठवडा दोन आठवड्यांत बरंचसं शांत होतं. अधूनमधून थेंब मात्र पुढे काही आठवडे येऊ शकतात, त्याला घाबरायचं नाही.

आता आपल्या घरांत काय करतात? पहिलं म्हणजे जुनी साडी फाडून छाती करकचून बांधतात. नका बांधू. दाबल्याने दूध लवकर आटत नाही, उलट नळ्या तुंबतात, गाठी होतात, त्यातून मॅस्टायटिस म्हणजे छातीला सूज येऊन ती पिकू शकते. नीट मापाची, आधार देणारी, तार नसलेली ब्रा दिवसरात्र घालायची, झोपताना पण, आत सुती पॅड किंवा धुतलेल्या मऊ कापडाची घडी, ओली झाली की बदलायची. दुसरं म्हणजे कढत पाणी. बाळंतिणीला अंघोळ घालताना तांब्या तांब्याने पाणी छातीवर ओततात, मग शेगडीचा शेक. पाजणारीला पान्हा सुटायला गरम पाण्याची मदत होते, आणि इथे आपल्याला तेच नकोय! पाणी पाठीवर घ्या, छातीवर थेट नको. तिसरं, मालिशवाल्या मावशी. त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की हात-पाय, पाठ, कंबर चोळा, छातीला हात लावू नका. गाठ मोडायची म्हणून जोरात रगडलं की सूज वाढते आणि दूधही वाढतं.

हवाय थंडावा. फ्रीजमधला बर्फ किंवा मटारचं पाकीट सुती कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, काढायचं, परत दोन तासांनी ठेवायचं. बाळंतिणीला गार लावलं की वारा धरेल असं आजी म्हणतात, त्यांच्या काळजीचा मान ठेवून सांगते, छातीपुरता थंड शेक दिल्याने तसं काही होत नाही. कोबीची पानं फ्रीजमध्ये गार करून ब्रामध्ये ठेवतात ते पण चालेल, फार पक्का पुरावा नाही त्याला पण बऱ्याचजणींना बरं वाटतं, कोमेजली की बदला. आणि मोगरा! दक्षिणेत मोगऱ्याचे गजरे छातीवर बांधायची जुनी पद्धत आहे, तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी ती चक्क तपासून बघितली, १९८८ साली छापून आलंय, ६० बायकांमध्ये काहींना मोगरा आणि काहींना दूध बंद करणारी ब्रोमोक्रिप्टिनची गोळी. प्रोलॅक्टिन गोळीने जास्त उतरलं, पण दूध कमी होण्यात आणि दुखण्याच्या गोळ्या किती लागल्या त्यात दोन्हीकडे साधारण सारखंच निघालं. छोटा अभ्यास आहे, त्यावर फार मोठं काही उभं करू नका, पण बायकांचं जुनं शहाणपण कुणीतरी नीट मोजून बघितलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

फारच असह्य झालं तर काय? तर हाताने थोडंसं काढायचं, ताण हलका होईल एवढंच, रिकामं होईपर्यंत नाही. पंप लावून पूर्ण काढलं की शरीराला वाटतं मागणी आहे आणि उद्या परत तेवढंच. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते, आयब्युप्रोफेन पण चालते पण बीपी, किडनी किंवा अ‍ॅसिडिटीचा त्रास असेल तर आधी विचारा. पाणी तोडू नका, तहान लागेल तेवढं प्यायचं, पाणी कमी प्यायल्याने दूध आटत नाही, बाई आजारी पडते. डिंकाचे लाडू खाऊ दे तिला, ताकद हवीच आहे, शतावरी आणि मेथीचे लाडू मात्र कशाला.

गोळीबद्दल तुम्ही विचारणारच. आहे, कॅबरगोलिन, डिलिव्हरीनंतर पहिल्या दिवसात दिली तर चांगली लागू पडते, म्हणून आधीच माहिती असेल की पाजायचं नाही तर डॉक्टरांना डिलिव्हरीच्या आधीच विचारून ठेवा. पण गरोदरपणात बीपी वाढलं असेल, झटके आले असतील, हृदयाच्या झडपेचा त्रास असेल किंवा पूर्वी मानसिक आजार झाला असेल तर ती चालत नाही, म्हणून मेडिकलमधून आपली आपण आणायची नाही. जुनी ब्रोमोक्रिप्टिन तर अमेरिकेत १९९४ साली या कामासाठी बंदच केली, काहीजणींना झटके, पॅरालिसिस, हार्ट अटॅक आल्याचं पुढे आलं होतं.

काखेत लिंबाएवढी गाठ आली म्हणून रडत येणाऱ्या मुली मी पाहिल्यात. काहीजणींच्या काखेत पण स्तनाचे थोडे टिश्यू असतात, ते पण दाटतात, आपोआप बसतात. पण ताप १००.४ च्या वर गेला, छातीच्या एका भागावर लाल चट्टा, थंडी वाजून अंग दुखतंय, तर एका दिवसाच्या वर थांबू नका, अँटिबायोटिक लागू शकतं, दुर्लक्ष झालं तर गळू होतं आणि ते सुईने किंवा कापून काढावं लागतं. दूध आटल्यावरही एखादी गाठ किंवा लाली दोन-तीन आठवडे तशीच राहिली तर सोनोग्राफी करा, दुधाचीच गाठ असेल म्हणत घरी बसू नका.

त्या तिकडच्या ताई विचारतायत, न पाजल्याने आकार नीट राहतो का. ताई, छाती ओघळते ती गरोदरपणामुळे, पाजण्यामुळे नाही. केंटकी युनिव्हर्सिटीतल्या प्लास्टिक सर्जननी हे बघितलं होतं, वय, किती बाळंतपणं झाली, वजन, सिगारेट याने फरक पडतो, पाजण्याने नाही असं त्यांना दिसलं. म्हणजे न पाजणारीची छाती पण सैल होणार, एक बाजू लहानमोठी दिसणार, साधारण तीन ते सहा महिन्यांत ती तिच्या नव्या आकारात स्थिरावते. ते बघून हळहळ वाटली तर वाटू दे, त्यात उथळ काही नाही.

आणि जिचं बाळ गेलंय तिच्याबद्दल. शेजारचं बाळ रडलं तरी तिला पान्हा सुटतो, त्यावर तिचा ताबा नसतो. अशावेळी तिला म्हणू नका विसर आता. तिचे भिजलेले कपडे मुकाट्याने बदलून द्या, नवऱ्याने पण हे करावं, सासूवरच टाकू नये. काहीजणींना ते दूध लगेच बंद करायचं नसतं, हळूहळू कमी करायचं असतं, तेही चालतं. काहींना दान करावंसं वाटतं, आपल्याकडे मिल्क बँका आहेत, मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ मध्ये डॉक्टर अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली सुरू केली. आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात, दूध ६२.५ डिग्री सेल्सिअसवर अर्धा तास तापवतात आणि एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, कमी वजनाच्या बाळांना देतात. पण हे तिला हवं असेल तरच, कुणी सुचवून गळ घालू नये. दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, कशातच मन नाही, जगू नये वाटतंय असं दिसलं तर, आणि जीव द्यायचं बोलली तर त्याच मिनिटाला, १४४१६ ला फोन लावा, टेली मानस, सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

अजून एक, हे बऱ्याचदा राहून जातं. न पाजणारीची पाळी लवकर येते, आणि पाळी यायच्या आधीच, अगदी चौथ्या आठवड्यात पण बीज सुटू शकतं. पाजतेय तोवर दिवस जात नाहीत हे जे आपण ऐकलेलं असतं ते हिला लागूच नाही. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासूनच काळजी घ्यायची, निरोध, कॉपर टी, काय ते. इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या पहिले तीन आठवडे नाहीत, रक्ताच्या गाठीचा धोका असतो, सिझर किंवा बीपी झालेलं असेल तर सहा आठवडे थांबा. आशाताई, तुम्ही घरी भेटीला जाल तेव्हा बाळ नसलेल्या घरी पण जा, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी, आणि टाक्यांबरोबर छातीचं पण विचारा.