‘आय’ म्हणजे कोण?

(पहाट. चुलीसमोर भाकरी थापणारे हात.)

“आय, भूक लागलीया.”

सातारा-सांगलीकडे, कोल्हापूरच्या खेड्यांत ही हाक अजून कानावर येते. शाळेत गेल्यावर त्या ‘आय’ची ‘आई’ होते. पण पायाला ठेच लागली की तोंडातून पहिली बाहेर पडते ती आयच. आज आपण या एवढ्याशा उच्चाराचा माग काढणार आहोत.

लांब जायच्या आधी घरातच बघू. जमाखर्चाच्या वहीतही एक आय बसलेली असते. आय आणि व्यय. संस्कृतात ‘इ’ हा धातू, अर्थ जाणे. त्याला ‘आ’ लागला की येणं, ‘वि’ लागला की निघून जाणं. आत आला तो पैसा आय, हातचा सुटला तो व्यय. चुलीपुढच्या आयशी या शब्दाचं काही नातं नाही. एकाच घरात राहतात, पण कूळ वेगळं.

(निळ्या पाण्यातून वर येणारं कापड.)

जपानमध्ये ‘आय’ म्हणजे प्रेम. हा शब्द मूळचा जपानी नव्हे, तो चिनी अक्षराबरोबर समुद्र ओलांडून आला. त्या अक्षराच्या पोटात ‘हृदय’ हे चिन्ह असतं. चीनने १९५० च्या दशकात लिपी सोपी करताना ते काढून टाकलं. जपानने आणि तैवानने ठेवलं. मला ते हृदय ठेवलेलं अक्षरच जवळचं वाटतं.

पण अस्सल जपानी ‘आय’ निराळी आहे. ती म्हणजे नीळ. शिकोकू बेटावर, तोकुशिमात, योशिनो नदीच्या खोऱ्यात एका झुडपाची पानं ओली करून, ढीग उलथत, तीन-चार महिने कुजवतात आणि त्यातून हा रंग काढतात. हे झुडूप आपल्या नीळीच्या कुळातलं नाही. आपली नीळ शेंगा धरणारी, ही तशी नव्हे. तरी दोन्हींच्या पानांतून निघणारं निळं द्रव्य मात्र एकच. परक्या झाडांनी आपापल्या मातीत तोच रंग तयार केला. भाषांचंही असंच होतं. माणसाच्या तोंडातून निघू शकणारे सोपे आवाज मोजकेच आहेत, आणि भाषा हजारो. तोच आवाज पुन्हा पुन्हा निघणारच.

(चंद्रकोर. दूरवर मिनार.)

तुर्कीत ‘आय’ म्हणजे चंद्र. महिन्यालाही आयच म्हणतात. आपल्याकडेही ‘मास’ हा शब्द आधी चंद्राचाच होता. ही तुर्की आय आपण शाळेतच वाचलेली आहे, फक्त ओळखली नाही. १२०६ साली लाहोरात गादीवर बसलेला, दिल्ली सल्तनतीचा पहिला सुलतान कुतुबुद्दीन ऐबक. ‘आय’ म्हणजे चंद्र, ‘बेग’ म्हणजे सरदार. ऐबक या नावाचा अर्थ चंद्राचा स्वामी असा लावतात. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मुलाचं हे नाव.

व्हिएतनाममध्ये ‘आय’ म्हणजे कोण. दारावर थाप पडली की आतून विचारायचं, आय?

आणि पोर्तुगीजमध्ये ‘आय!’ ही नुसती कळ आहे. बोट दारात सापडलं की निघणारा आवाज. गोव्यात ४५१ वर्षं राज्य केलेल्यांच्या भाषेतला हा हुंकार आपल्याला परका वाटत नाही, कारण अशा वेळी आपणही ‘आई गं!’ म्हणतो. फरक एवढाच, की पोर्तुगीज माणूस फक्त कळवळतो. आपण कुणाला तरी हाक मारतो.

(समुद्र. किनाऱ्यावर अन्नाभोवती बसलेली माणसं.)

प्रशांत महासागरात, हवाई बेटांवर, ‘आय’ म्हणजे खाणं. इथे नीट कान द्या. शब्दाच्या सुरुवातीला घशात एक बारीकशी अडखळ आहे. तिथे पूर्वी ‘क’ होता. न्यूझीलंडचे माओरी आजही अन्नाला ‘काय’ म्हणतात. होड्यांतून बेटामागून बेट वसवत गेलेल्या या लोकांच्या तोंडी कुठे तो ‘क’ टिकला, कुठे घशातच विरला. आपल्या ‘काय’शी त्या ‘काय’चा संबंध नाही. पण फिलिपीन्समधल्या ‘काइन’शी आहे, मलायमधल्या ‘माकान’शी आहे. ऐकायला दूरचे वाटतात आणि रक्ताचे निघतात.

आता इंग्रजीकडे वळू. ‘आय’ म्हणजे मी. हजार वर्षांपूर्वी इंग्रज याला ‘इच’ म्हणत. मग शेवटचा ‘च’ गळाला, ‘ई’ उरला, आणि पुढे त्या ‘ई’चा ‘आय’ झाला. जर्मन ‘इश’, लॅटिन ‘एगो’ आणि संस्कृत ‘अहम्’ ही त्याची भावंडं. एकही आवाज जुळत नाही, तरी घराणं एक.

इंग्रजीतली दुसरी ‘आय’ म्हणजे डोळा. तिचं नातं आपल्या ‘अक्षि’शी. साक्ष, प्रत्यक्ष, मीनाक्षी, सगळीकडे तो डोळा आहे. नॉर्वे-डेन्मार्ककडचे लोक जुन्या नॉर्स भाषेत डोळ्याला ‘आउगा’ म्हणत. घराच्या भोकाला ते ‘विंडआउगा’ म्हणाले, वाऱ्याचा डोळा. इंग्रजीतली ‘विंडो’ तीच. आणि आपण त्याच भोकाला काय म्हटलं? गवाक्ष. गाईचा डोळा. हजारो मैलांवरच्या दोन माणसांनी, एकमेकांना न विचारता, भिंतीत डोळा पाहिला. त्यासाठी वापरलेला शब्दही एकाच मुळातून फुटलेला.

(पुन्हा चूल. भाकरी फुगते आहे.)

मग आपली आय कुठली? कुणी ती संस्कृत-प्राकृतातून आणतात, कुणी दक्षिणेकडे बोट दाखवतात. मला दक्षिणेकडे वळावंसं वाटतं. अण्णा आणि अक्का ज्या वाटेने आपल्या घरात आले, ती वाट तिकडचीच. कन्नडात आईला ‘तायि’, तमिळमध्ये ‘ताय्’. आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळमध्ये तर आई कुणाची, त्यावर शब्द ठरायचा.

माझी आई, ‘याय्’.

तुझी आई, ‘ञाय्’.

त्याची, तिची, त्यांची आई, ‘ताय्’.

(आतून हाक येते: “आय!” भाकरी थापणारे हात थांबतात.)