मुलांच्या फुटबॉल सरावात चेंडू कुणाच्या पायाशी असतो?

नमस्कार. आपल्या मुलामुलींना क्लबमध्ये फुटबॉल शिकायला पाठवणाऱ्या पालकांसाठी आणि त्यांना मैदानावर घेऊन उतरणाऱ्या प्रशिक्षकांसाठी आजचा हा व्हिडिओ आहे. सराव चांगला चालला आहे की नाही हे ठरवताना मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे दीड तासात प्रत्येक मुलाच्या पायाशी चेंडू किती वेळ राहिला.

मध्यंतरी मुंबईतल्या एका मैदानावर मी सराव पाहत उभा होतो. वीस मुलांची एक रांग, समोर एक गोल, आणि एकेकाने धावत जाऊन चेंडू मारायचा. एकाची पाळी साधारण सहा सेकंदांत आटोपत होती, म्हणजे पुन्हा पाळी यायला दोन मिनिटे लागत होती आणि दहा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धे मिनिट येत होते. रांगेच्या शेवटी उभी असलेली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बुटाच्या टोकाने लाल मातीत गोल गोल रेघा काढत होती. तिचे नाव पुकारल्यावर ती दचकली, धावली, आणि चेंडू तिच्या पायाखालून निघून गेला. "लक्ष कुठे आहे तुझे?" असे तिला सर्वांसमोर विचारले गेले, याचे मला आजही वाईट वाटते, कारण इतका वेळ नुसते उभे केल्यावर कुठलेही मूल असेच वागेल.

त्याच वीस मुलांचे चार-चारांचे पाच गट करता येतात. तिघांनी आपसांत पास देत राहायचे आणि मधल्या चौथ्याने चेंडू हिसकावायचा, एवढ्या साध्या खेळात मान वर करून पाहणे, पहिल्या स्पर्शात चेंडू काबूत घेणे आणि पास देऊन लगेच जागा बदलणे हे सारे आपोआप येते. पुढे दोन छोट्या मैदानांवर पाच विरुद्ध पाच खेळवावे. गोलसाठी दप्तरेही चालतात. शेजारी क्रिकेटचे नेट लागलेले असते, जागा अपुरी असते, ही आपल्या शहरातली नेहमीची अडचण आहे, पण लहान जागेतल्या खेळाला ती फारशी आड येत नाही.

सुरुवातीला मैदानाला फेऱ्या मारायला लावण्याऐवजी फिफाने ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेले '११+ किड्स' हे व्यायाम घ्यावेत. त्यांत तोल सांभाळणे आणि इजा न होता पडणे हेही शिकवले जाते. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना ४ नंबरचा चेंडू द्यावा, कारण ५ नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो आणि तो त्या वयाच्या पायांना जड जातो. डोक्याने चेंडू मारण्याची घाई करू नये; अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ साली १० वर्षे व त्याखालील मुलांसाठी ते बंदच केले. मे आणि ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात मात्र दर पंधरा-वीस मिनिटांनी पाण्यासाठी खेळ थांबवावा, मुलांनी मागितले नाही तरीही.

खेळ थांबवून समजावायचे असेल, तर प्रशिक्षकाने अर्ध्या मिनिटात आटोपावे आणि शक्यतो प्रश्न विचारावा: "मोकळे कोण होते?" मूल स्वतः बोट दाखवते, तेव्हा पुढचा पास ते तिकडे देऊन पाहते.

पालकांना माझी विनंती आहे की, कडेला उभे राहून "मार, मार" असे ओरडू नये. पुढच्या वेळी मैदानावर गेल्यावर घड्याळ लावून आपल्या मुलाला दहा मिनिटे पाहा, आणि लांब रांग दिसली तर सराव संपल्यावर सरांना बाजूला घेऊन विचारा, की या रांगेचे छोटे गट करता येतील का.