रिळात राहिलेलं सभागृह

(दृश्य : ठाणे, नौपाडा. छोट्या स्टुडिओतलं मिक्सिंग टेबल. स्क्रीनवर एकाखाली एक आठ ट्रॅक.)

१५ ऑगस्ट १९७२. आपल्याकडे स्वातंत्र्याची पंचविशी साजरी होत होती आणि त्याच दिवशी जपानमध्ये, ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये, डीप पर्पल हा इंग्लिश बँड स्टेजवर उभा होता. १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ला टोकियोचं बुडोकान. रेकॉर्डिंगला त्यांचा नेहमीचा इंजिनिअर मार्टिन बर्च आणि समोर आठ ट्रॅकचं, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे टिपणारं मशीन. बँडला या रेकॉर्डिंगचं फारसं अप्रूप नव्हतं. जपानी कंपनीला हवं होतं, म्हणून तिथल्यापुरतं करायचं ठरलं होतं. मिक्सिंगला गायक इयन गिलन आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोर फिरकलेसुद्धा नाहीत. या तीन कार्यक्रमांतून वेचलेल्या सात गाण्यांचा अल्बम म्हणजे ‘मेड इन जपान’. पन्नास वर्षं उलटली तरी ड्रमवाले, गिटारवाले आणि आम्ही साउंडवाले तो पुन्हा पुन्हा लावतो.

मी ठाण्यात कार्यक्रमांचा साउंड करतो. अभंगवाणी, नाट्यसंगीत, ऑर्केस्ट्रा, कॉलेजच्या मुलांचे बँड, जे येईल ते. रॉकची गोडी मात्र कॅसेटच्या काळातली. ठाण्याहून लोकल पकडून काळा घोड्याला ऱ्हिदम हाउसमध्ये जायचं आणि एक कॅसेट घेऊन परतायचं, हा आमचा रविवार. त्यामुळे एखादा जुना लाइव्ह अल्बम ‘नव्याने मिक्स केलेला’ म्हणून बाजारात आला की माझ्या मनात आनंद आणि धास्ती दोन्ही एकदम येतात. ‘मेड इन जपान’चंही आता तसंच झालंय.

(दृश्य : फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीवर बोट. एक एक ट्रॅक वेगळा ऐकू येतो. आधी फक्त गायकाचा माइक.)

आधी रीमास्टर आणि रीमिक्स यांतला फरक सांगतो. रीमास्टर करणाऱ्याच्या हातात तयार झालेलं दोन चॅनेलचं मिक्स असतं, सगळे आवाज एकत्र केलेलं. त्याचा पोत, त्याची पातळी तो सुधारतो, पण ड्रम वेगळा करून मागे घेऊ शकत नाही. रीमिक्स करणारा त्याच्याही मागे जातो, थेट मूळ मल्टिट्रॅक रिळांपर्यंत. तिथे ड्रम, बास, ऑर्गन, गिटार आणि गळा वेगवेगळे असतात.

निदान कागदावर तरी. आता हा गायकाचा माइक ऐका. गाणं थांबलंय, तरी त्यात काय काय आहे? झांजा आहेत, गिटारच्या ॲम्प्लिफायरची गुरगुर आहे, समोरच्या भिंतीवरून परतलेली टाळी आहे. याला आम्ही ‘स्पिल’ म्हणतो. अभंगाच्या कार्यक्रमात टाळकरी गायकाच्या मागे उभे राहिले की टाळ सगळ्या माइकमध्ये शिरतात. पखवाजाच्या, पेटीच्या, निवेदकाच्यासुद्धा. रॉकमध्ये तेच काम झांजा करतात, फक्त दसपट जोरात.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. ड्रमपासून गायकाचा माइक ४ मीटरवर असेल, तर ड्रमचा ठोका स्वतःच्या माइकमध्ये आधी पोचतो आणि गायकाच्या माइकमध्ये १२ मिलिसेकंदांनी. दोन्ही ट्रॅक एकत्र आले की काही कंप्रता एकमेकींना खोडतात, काही वाढवतात. त्यातून कधी ड्रम पातळ होतो, तर कधी उलट त्याला रुंदी येते, हवा येते. नवशिक्या इंजिनिअर काय करतो? गायक गात नसेल तेव्हा त्याचा माइक बंद करतो. ट्रॅक स्वच्छ होतो. मग गायक तोंड उघडतो, माइक चालू होतो आणि झांजांचा रंग एका क्षणात बदलतो. ओळ संपली की पुन्हा पहिला रंग. सभागृह सारखं उघडतंय आणि मिटतंय असं वाटायला लागतं. कान पटकन ओळखतो की इथे कोणीतरी हात घातलाय.

म्हणून माझं ठाम मत आहे : लाइव्ह रेकॉर्डिंगमधला स्पिल हा कचरा नाही. त्या संध्याकाळी त्या जागेत माणसं कुठे उभी होती, हे त्यात लिहिलेलं असतं. रीमिक्स करणाऱ्याचं खरं कसब कशाला हात लावायचा नाही, हे ठरवण्यात असतं.

(दृश्य : जुनं टेप मशीन. रीळ फिरतंय.)

रिळांचेही हाल असतात. १५ इंच प्रतिसेकंद वेगाने २५०० फुटांचं रीळ जेमतेम ३३ मिनिटं चालतं. एकच मशीन असेल, तर दोन गाण्यांच्या मध्ये रीळ बदलायचं आणि गायकाने तेवढ्यात पुढचं गाणं सुरू करू नये म्हणून देवाचा धावा करायचा. पुढे सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून निघालेल्या काही टेपांचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय थर धरून ठेवणारा पदार्थ, दमट हवेत ओलावा ओढून घेतो आणि चिकट होतो. अशी टेप थेट मशीनवर लावली तर चुंबकीय थरच खरवडून निघतो. म्हणून ती ५० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास मंद भाजतात आणि पुन्हा चिकटायच्या आत तिची डिजिटल प्रत काढून घेतात.

बीटल्सचं ‘हॉलिवुड बोल’ या खुल्या प्रेक्षागृहातलं रेकॉर्डिंग तर फक्त तीन ट्रॅकचं. १९६४ आणि १९६५चे कार्यक्रम, समोर सुमारे १७ हजारांचा किंचाळणारा जमाव आणि स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकायला मॉनिटर नाहीत. १९७७ साली बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यातून अल्बम काढायला घेतला, तेव्हा चालू स्थितीतलं तीन ट्रॅकचं मशीन मिळणंच कठीण झालं होतं. मिळालं ते तापायचं. शेवटी व्हॅक्यूम क्लीनर उलटे लावून त्याच्यावर गार हवा सोडली आणि काम भागवलं. २०१६ साली त्यांचा मुलगा जाइल्स मार्टिन याने तीच टेप पुन्हा घेतली. तोवर एकाच ट्रॅकमध्ये मिसळलेले आवाज संगणकाने वेगळे काढण्याचं तंत्र आलं होतं. किंचाळ्या मागे घेता आल्या, वादन पुढे आणता आलं. तरी किंचाळ्या राहू दिल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या काढल्या असत्या तर चार मुलं रिकाम्या मैदानात गाताहेत असं वाटलं असतं.

(दृश्य : गडकरी रंगायतन बाहेरून, मग मासुंदा तलावाकाठची गर्दी.)

द हू या बँडची गोष्ट याच्या पुढची. १४ फेब्रुवारी १९७० रोजी त्यांनी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात कार्यक्रम केला, दुसऱ्या दिवशी हल शहरात. दोन्ही रेकॉर्ड केले. हलच्या टेपवर सुरुवातीच्या गाण्यांत बासच उमटला नव्हता, म्हणून अल्बम लीड्सचा निघाला. त्याच्या लेबलवर तर छापलं होतं की खरखर येते ती ठीक आहे, दुरुस्त करू नका. १९९५च्या रीमिक्समध्ये ती खरखर बरीचशी काढली. हलचा कार्यक्रम २०१०मध्ये बाहेर आला, तेव्हा बास नसलेल्या गाण्यांवर आदल्या रात्रीचा, लीड्सचा बास बसवला. आता विचार करा. लय बांधून ठेवणारा मेट्रोनोमचा ठोका नाही, दोन्ही रात्री लय वेगवेगळी श्वास घेतेय, आणि जॉन एंटविसलचा एका रात्रीचा बास कीथ मूनच्या दुसऱ्या रात्रीच्या ड्रमवर बसवायचा. स्वर न् स्वर कापून सरकवायचा. हे करावं की करू नये यावर वाद घालता येईल. मी ‘करावं’ म्हणणाऱ्यांत आहे. वाजवणारा तोच, बँड तोच, रात्र तेवढी शेजारची.

‘मेड इन जपान’चं नवं मिक्स २०२५ साली आलं, स्टीव्हन विल्सनचं. पोर्क्युपाइन ट्री या त्याच्या बँडला २००९च्या डिसेंबरमध्ये आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात ऐकायला ठाण्याहून पवईला किती पोरं गेली होती! किंग क्रिमसन, जेथ्रो टल, येस यांचे अल्बम त्याने याआधी मिक्स केले आहेत. त्याची पद्धत मला पटते. आधी तो जुनं मिक्स जसंच्या तसं उभं करायचा प्रयत्न करतो, पुन्हा पुन्हा ताडून पाहतो, आणि मगच सुधारतो. ब्लॅकमोरची गिटार उजवीकडे आणि जॉन लॉर्डचा ऑर्गन डावीकडे, हे पन्नास वर्षं लोकांच्या कानात मुरलंय. ते उलटं करायचा हक्क कोणालाही नाही.

याच अल्बममध्ये एका गाण्यानंतर मॉनिटरबद्दल बोलणं चालतं आणि सगळंच बाकी सगळ्यापेक्षा मोठं हवं, अशी मागणी होते. प्रत्येक साउंडवाल्याने हे कधी ना कधी ऐकलेलं आहे, गडकरीतही आणि वाशीच्या भावे नाट्यगृहातही. ते बोलणं टेपवर राहिलं, कारण तेव्हा माइक कोणी बंद केला नाही.

(दृश्य : डिजिटल मिक्सर. यूएसबीची वायर लॅपटॉपला जाते.)

हे सगळं शक्य झालं, कारण कोणीतरी रिळं जपली. १ जून २००८ला हॉलिवुडमध्ये युनिव्हर्सल कंपनीच्या आवारात आग लागली, त्यात कित्येक मूळ टेप गेल्या. आपल्याकडे आगीचीही गरज पडत नाही. कार्यक्रम झाला, यूट्यूबला दोन चॅनेलचा आवाज चढला, हार्ड डिस्क भरली की मल्टिट्रॅक पुसला. आज एका डिजिटल मिक्सरमधून ३२ ट्रॅक सरळ लॅपटॉपवर घेता येतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला तीन तासांचा कार्यक्रम साधारण ५० जीबी होतो. एका बऱ्या डिस्कवर अख्ख्या सीझनचे कार्यक्रम बसतात.

ठाण्या-वाशीत कार्यक्रम करणाऱ्या माझ्या भावांनो, बहिणींनो, त्या ट्रॅकना नावं द्या. ‘चॅनेल ९’ असं ठेवू नका, ‘पखवाज, डावी पुडी’ असं लिहा. तारीख, सभागृह आणि वादकांची नावं टाका. प्रत दोन जागी ठेवा. आणि दोन माइक प्रेक्षकांकडे तोंड करून लावा, रेकॉर्डिंगला कोणी मागितले नसले तरी.