सेलरकडे क्लोजिंगचे पैसे मागायला लाजू नका

नमस्कार मंडळी. आज अमेरिकेत पहिलं घर घ्यायला निघालेल्या आपल्या लोकांशी बोलायचंय, मग तुम्ही न्यू जर्सीत असा नाहीतर टेक्सासात. डाउन पेमेंट सगळे जमवतात हो, दोघांचे पगार, बोनस, थोडे आईबाबांनी पाठवलेले असं करत ४ लाखांच्या घरासाठी ५ टक्के म्हणजे २० हजार डॉलर उभे राहतात, आणि मग लोनचा अर्ज केल्यावर तीन वर्किंग डेजमध्ये तो लोन एस्टिमेट, म्हणजे लेंडरचा खर्चाचा अंदाज, येतो आणि त्यात क्लोजिंगचे, म्हणजे घर नावावर होताना भरायच्या खर्चाचे, आणखी १०-१२ हजार दिसतात! अप्रेझल (लेंडर करून घेतो ते घराचं मूल्यांकन), टायटल इन्शुरन्स (मालकीहक्काच्या वादांसाठीचा विमा), लेंडरची फी, वकील, वर्षभराचा होम इन्शुरन्स आधीच भरायचा, वर प्रॉपर्टी टॅक्सचे काही महिने एस्क्रोमध्ये (टॅक्स-इन्शुरन्ससाठी लेंडर ठेवतो ते खातं), आणि न्यू जर्सीतला टॅक्स तर तुम्हाला माहितीये.

यातले काही पैसे सेलरने द्यावेत असं ऑफरमध्येच लिहिता येतं. त्याला सेलर कन्सेशन किंवा सेलर क्रेडिट म्हणतात, इथे ही रोजची गोष्ट आहे. पण आपली माणसं मागतच नाहीत, वाईट दिसेल म्हणून गप्प बसतात आणि मग क्रेडिट कार्डावर फर्निचर घेतात. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. सेलर बघतो शेवटी आपल्या हातात किती पडणार ते. ४ लाखांना विकून तुम्हाला ८ हजार दिले काय किंवा सरळ ३ लाख ९२ हजारांना विकलं काय, त्याला जवळपास सारखंच. तुम्हाला मात्र सारखं नाही. किंमत ८ हजारांनी उतरली तर साडेसहा टक्क्यांच्या लोनवर महिन्याचा हप्ता जेमतेम ५० डॉलरनी कमी होतो, आणि सेलर क्रेडिट घेतलं तर ते ८ हजार आज तुमच्या खात्यात राहतात. हातात पैसा भरपूर असेल आणि घरात वर्षानुवर्षं राहायचं असेल तर मी म्हणेन किंमतच कमी करून घ्या. पण बहुतेकांची ओढाताण पहिल्या वर्षातच असते.

कधी मागायचं? घर महिना-दोन महिने पडून आहे, किंमत एकदा उतरलीये, सेलरने दुसरं घर घेऊन ठेवलंय, तेव्हा बिनधास्त मागा. एका वीकेंडला पाच ऑफर आल्या असतील तर सोडून द्या.

आता मर्यादा नीट ऐका. साध्या कन्व्हेन्शनल लोनवर (म्हणजे सरकारी हमी नसलेल्या), राहायच्या घरासाठी, डाउन पेमेंट १० टक्क्यांच्या आत असेल तर सेलर किमतीच्या ३ टक्क्यांपर्यंतच देऊ शकतो, १० ते २५ असेल तर ६, त्याच्या वर ९. एफएचएला, म्हणजे सरकारी विमा असलेल्या लोनला, ६ टक्के. भाड्याने द्यायला घेत असाल तर फक्त २. आणि हा पैसा डाउन पेमेंटला चालत नाही, आणि खऱ्या खर्चापेक्षा जास्त मिळत नाही. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने भांडून १० हजार कबूल करून घेतले, खर्च निघाला साडेआठ, उरलेले दीड हजार सेलरकडेच राहिले. त्यातून पॉइंट्स घेऊन, म्हणजे लेंडरला आधीच थोडे पैसे भरून, व्याजदर खाली आणता आला असता पण कोणी सांगितलंच नाही. म्हणून आधी लेंडरकडून आकडा घ्या, मग मागा.

काही एजंट म्हणतात किंमत ४ लाख ८ हजार लिहू आणि ८ हजार परत घेऊ. सेलर हो म्हणेल, पण अप्रेझल तेवढं यायला हवं, आणि ते ८ हजार तुम्ही ३० वर्षं व्याजासकट फेडणार, म्हणजे सतरा हजारांच्या वर जातात. दुसरा मार्गच नसेल तरच हे करा.

इन्स्पेक्शनमध्ये छप्पर जुनं निघालं, त्याचे पैसे मागायचे, तर करारात काय शब्द लिहायचे ते वकील आणि लेंडरला विचारूनच ठरवा, कारण नुसतं 'छप्पर दुरुस्तीसाठी' लिहिलं तर लेंडर आधी दुरुस्ती करून दाखवा म्हणू शकतो आणि क्लोजिंग लटकतं. ऑगस्ट २०२४ पासून आपल्या एजंटची फी किती हे घरं बघायच्या आधी लिहून सही करावी लागते, तीही सेलरने द्यावी असं ऑफरमध्ये मागता येतं.

तोंडी कबुलीवर मुळीच राहू नका. क्लोजिंगच्या तीन दिवस आधी क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे खर्चाचा शेवटचा हिशोब, येतं, त्याच्या तिसऱ्या पानावर सेलर क्रेडिटची ओळ असते. ठरलेला आकडा तिथे नसेल तर वकिलाला फोन त्याच संध्याकाळी करा, सह्या करायला बसल्यावर नाही.