पेगॅसस राहू द्या, आधी ती लग्नपत्रिका बघा

नमस्कार मंडळी! स्पायवेअर, म्हणजे फोनमध्ये लपून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर, म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'माझ्या फोनमध्ये पेगॅसस असेल का हो?' बहुधा नसेल. एनएसओ ग्रुप ही इस्राएली कंपनी हे स्पायवेअर सरकारांना विकते, तेही भरमसाट किमतीला. 2019 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप कॉलमधल्या त्रुटीतून पेगॅससने सुमारे 1,400 जणांना गाठलं. कॉल उचलायचीसुद्धा गरज नव्हती! तुम्ही पत्रकार किंवा वकील असाल, तर आयफोनमधला लॉकडाऊन मोड, म्हणजे अशा हल्ल्यांपासून जास्तीचं संरक्षण देणारी सोय, चालू करा. आणि कोणीही असा, अपडेट 'नंतर बघू' म्हणून ढकलू नका.

आपल्या दारात येतं ते वेगळंच. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका येते. तीही ओळखीच्या नंबरवरून, कारण त्या बिचाऱ्याचा फोन आधीच हॅक झालेला असतो. फाइलच्या नावाचं शेपूट वाचा: 'डॉट एपीके'. अहो, पत्रिका फोटो असते, फार तर पीडीएफ. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनसाठीचं अख्खं अ‍ॅप! वाहनाच्या चलानच्या नावानेही हाच माल फिरतो.

ते टाकलं की परवानग्या मागतं. आधी एसएमएसची, म्हणजे ओटीपी परस्पर पळवता येतो. मग अ‍ॅक्सेसिबिलिटीची, आणि खरी गोम इथे आहे. ही सोय मुळात दृष्टिहीनांसारख्या वापरकर्त्यांसाठी आहे. अँड्रॉइडमधलं टॉकबॅक स्क्रीन वाचून दाखवतं, ते तिच्याच जोरावर. तीच ताकद चोराला मिळाली, तर तो तुमची स्क्रीन वाचतो आणि तुमच्या वतीने बटणंही दाबतो.

आत्ताच फोन हातात घ्या. सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग डाउनलोड केलेली अ‍ॅप्स. फोनच्या कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतील. तिथे न ओळखीचं काही चालू दिसलं, तर आधी बंद करा, मग काढून टाका. 'अनइन्स्टॉल' फिकट दिसत असेल, तर त्या अ‍ॅपने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा, म्हणजे फोनवर खास ताबा ठेवण्याचा, हक्क बळकावलाय. तो काढा, बटण चालू होईल. शिवाय सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' टाका आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम दोघांपुढचं बटण बंद ठेवा.

पैसे गेलेच, तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद करा. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून 1930 या सायबर-फसवणूक हेल्पलाइनला फोन लावा, नंतर बँकेला. पासवर्डही त्या दुसऱ्या फोनवरूनच बदला.